सुरुवातीला काय झालं?

उजेडरावांचं खरं नाव घरच्यांनाही आठवून सांगावं लागे. थिएटरात त्यांनी चाळीस वर्षं मशीन चालवलं. त्या काळी मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या जळत आणि त्यांचा प्रकाश पडद्यावर जाई. कांड्या झिजल्या की पडदा काळवंडायचा, आणि मग खालून पाचशे माणसं एका सुरात बोंब ठोकायची, "ए उजेऽऽड!" ओरडून ओरडून तेच नाव पडलं. पुढं केस पिकले तेव्हा लोकांनी त्याला 'राव' जोडला. बढती म्हणाल तर आयुष्यात तेवढी एकच.

त्यांची बायको त्याच थिएटरात तिकिटांच्या खिडकीवर बसे. तिला सगळे खिडकीताई म्हणत. नवरा वरच्या खोलीत, बायको खालच्या खोलीत, मध्ये चोवीस पायऱ्या. थिएटरासमोरचा शिंपी म्हणायचा, "असा सुखाचा संसार बघितला नाही बुवा. दिवसभर एका छपराखाली आणि भांडायला सवड नाही!"

आता खिडकीचा एक नियम होता. खेळ सुरू झाला तरी खिडकी वीस मिनिटं उघडी ठेवायची. उशिरा येणाऱ्याचे पैसे काय खोटे असतात, असा मालकांचा सवाल. त्यामुळे खिडकीताई आत यायची ती नेहमी वीस मिनिटांनी. अंधारात चाचपडत चौथ्या दाराजवळच्या लोखंडी खुर्चीवर टेकायची आणि तिथून पुढचा सिनेमा डोळ्यांत साठवायची. राजाराण्यांचे, भुतांचे, हाणामारीचे, रडवणारे, हसवणारे, हजारभर सिनेमे तिनं पाहिले असतील. सुरुवात मात्र एकाचीही नाही. लग्नाआधी मावशीबरोबर एकदोनदा गेली होती, पण मावशीला तयार व्हायलाच इतका वेळ लागायचा की तिथंही तेच. म्हणजे हे भोग जन्माचेच.

लग्नानंतरचा पहिला नवा सिनेमा लागला. तीनचा खेळ संपला. खिडकीताई चहाची किटली घेऊन चोवीस पायऱ्या चढून वर आली. डोळे रडून लाल. सिनेमा एका लंगड्या टपालवाल्याचा होता. पाय असा का, हे पुढं कुणी बोलतच नव्हतं. किटली खाली ठेवायच्या आत तिनं विचारलं, "अहो, सुरुवातीला काय झालं?"

उजेडरावांची पंचाईत झाली. सुरुवातीला काय झालं ते त्यांना तरी कुठं ठाऊक? खेळ सुरू होताना मशीनवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. कांड्या जुळवा, चित्र नीट लावा, दुसऱ्या मशीनवर पुढचं रीळ चढवा. त्या दिवशी तर फीत दोनदा तुटली होती. पण नवी नवरी डोळे पुसत समोर उभी. तिला 'माहीत नाही' कसं सांगायचं? चाळीस रिळं ओढणारा गडी त्या दोन शब्दांना लाजला.

"सुरुवातीला ना," ते म्हणाले, "एक स्टेशन असतं. रिकामं. गाडी थांबते आणि हा उतरतो. एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी. गाडी निघून जाते आणि दुसरा बूट गाडीतच राहतो."

खिडकीताईचा हात किटलीवर थांबला. "अगं बाई! म्हणजे म्हणूनच तो..."

"म्हणूनच."

"आणि शेवटी नायिका त्याच्या दारात बूट ठेवते!" आणि ती पुन्हा रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी फीत तुटली नाही. उजेडरावांनी मशीनसमोरच्या भिंतीतल्या भोकातून खरी सुरुवात पाहिली. टपालवाला भिंतीला चुना लावत असतो, शिडी घसरते, बादली डोक्यावर पडते आणि पाय मोडतो. प्रेक्षक खदखदा हसत होते. उजेडराव मनात म्हणाले, यापेक्षा आपली बरी. आणि एकदा सांगितलं ते सांगितलं.

तिथून चटक लागली. नवा सिनेमा लागला की खिडकीताई किटली घेऊन वर येणार, विचारणार आणि उजेडराव सांगणार. कधी खरं, कधी रचलेलं, कधी अर्धं खरं आणि अर्धं पदरचं. भुताच्या सिनेमाला त्यांनी एक न वाजणारी घंटा दिली. हाणामारीच्या सिनेमात खलनायकाला लहानपणीचं मेलेलं कुत्रं दिलं. खिडकीताई म्हणायची, "तरीच तो मारताना डोळे मिटतो." तो डोळे मिटायचा कारण समोर धुराचं मशीन होतं. पण आता काय बोलणार!

पुढं घरात टीव्ही आला. जुने सिनेमे त्यावर लागायचे, आणि उजेडरावांची झोप उडायची. सिनेमाची वेळ झाली की ते टीव्हीच्या मागं जाऊन बसत. "वायर ढिली आहे गं, थांब." बरोबर वीस मिनिटांनी वायर घट्ट व्हायची. खिडकीताई म्हणायची, "मशीनवाल्याच्या घरात एक वायर नीट होत नाही, धन्य आहे!" उजेडराव हसून घेत. हसण्यावारी न्यायला त्यांच्याकडं बरंच होतं.

मग थिएटर बंद पडलं. मशीन भंगारात गेलं, खिडकी विटांनी बुजवली. सहा वर्षांनी गावाबाहेर तीन पडद्यांचं नवं थिएटर झालं. तिकीट काढून जायला खिडकीताई तयार होईना. "जन्मभर तिकिटं विकली, आता हात बाहेरून आत घालू?" पण एक दिवस ती पिठाच्या गिरणीतून आली ती एक कागद नाचवतच. नव्या थिएटरात सिनेमाच्या माहितीची स्पर्धा. सगळे काळ, सगळ्या तऱ्हांचे सिनेमे. पहिल्याला दोघांचा जन्मभराचा पास.

"मला तो पास पाहिजे," ती म्हणाली.

"कशाला? आता काय सिनेमे राहिलेत पाहण्यासारखे?"

"सिनेमा कसला असेना. मला एकदा दिवे मालवताना आत बसायचंय."

उजेडरावांनी कागद हातात घेतला. कागदावर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: शेवटची फेरी, पहिलं दृश्य.

त्यानंतर पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना तिची उजळणी चाले. "पहिल्या दृश्याची तर मला काळजीच नाही," ती म्हणायची. "तुमच्यासारखं कुणी सांगितलंय का कुणाला? तो कॉलेजातला मास्तर येऊ दे नाहीतर त्याचा बाप."

एका दुपारी उजेडराव धीर करून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "अगं, एक सांगायचं होतं."

"सांगा पटकन, दूध ठेवलंय."

"त्या सुरुवातींबद्दल. काही काही..."

"काही काही विसरलात? विसरा हो. मला पाठ आहेत."

दूध वर आलं, तिनं फुंकर घातली आणि बोलणं तिथंच राहिलं. त्या दिवशी ते दूध जरा उशिरा तापलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं, असं त्यांना पुढं कितीदा वाटलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी अकराला सभागृह भरलं. मंचावर चौघं, खुर्चीपुढं एकेक घंटी. खिडकीताईनं ठेवणीतली चप्पल घातली होती. उजेडरावांच्या शेजारी शिंपी बसला होता. तो कानात म्हणाला, "उजेडराव, आज वहिनी मास्तरचा कोट उसवणार बघा!"

आणि तिनं उसवला हो! सूत्रसंचालकानं विचारलं, अमुक राजाच्या सिनेमात युद्धाच्या वेळी काय चुकलं? खिडकीताईनं घंटी मारली. "भालेवाल्याच्या मनगटाला घड्याळ आहे. आणि तेही बंद. लढाई सुरू होताना सव्वाचार, संपताना सव्वाचार." सभागृह हसून लोटपोट. बिनआवाजाच्या जुन्या सिनेमात नायिका कोण? "पुरुष. पाणी पिताना गळ्याची गाठ हलते." भुताच्या सिनेमात? "भुताची सावली पडते, आणि माणसाची पडत नाही." जुळ्या भावांच्या सिनेमात? "दोन्ही बाळं एकच. कानामागचा तीळ बघा." शिंपी शिट्ट्या वाजवायला लागला. दोन गडी गळाले. उरले खिडकीताई आणि कॉलेजातले मास्तर, दोघं बरोबरीत. शेवटचा प्रश्न.

"लंगड्या टपालवाल्याचा सिनेमा. पहिलं दृश्य..."

वाक्य पुरं व्हायच्या आत घंटी वाजली. उजेडरावांनी डोळे मिटले.

"स्टेशन," खिडकीताई म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ झाला की शिंपीही गप्प झाला. "रिकामं स्टेशन. गाडी थांबते. तो उतरतो. एका पायात बूट असतो आणि एक पाय अनवाणी. गाडी जाते. तो बघत राहतो. बूट गाडीत."

सूत्रसंचालकानं हातातल्या कागदाकडं पाहिलं. "आजी, छान आहे. पण हा दुसरा कुठला सिनेमा असेल."

"दुसरा कुठला? हाच. आमचे हे मशीनवर होते. त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. तिकडं बसलेत, विचारा त्यांना."

पाचशे माना वळल्या. कुणीतरी माईक आणून उजेडरावांच्या हातात दिला. चाळीस वर्षं हीच माणसं त्यांना 'उजेड' म्हणून हाका मारत होती आणि आज पहिल्यांदा ते उजेडात उभे होते. खिडकीताई मंचावरून बघत होती. तिला उत्तर माहीत होतं, ती नुसतं ते ऐकायला थांबली होती. त्या नजरेपुढं खरं बोलायला वाघाचं काळीज लागतं. उजेडरावांचं काळीज पोस्टकार्डाएवढं.

"ती म्हणते तेच," ते म्हणाले. "बूट. गाडीत राहतो."

"असं म्हणता? मग बघूनच टाकू," सूत्रसंचालक हसत म्हणाला आणि त्यानं वर हात केला.

दिवे मालवले.

आयुष्यात पहिल्यांदा खिडकीताई दिवे मालवताना आत होती. मंचावर, पडद्याच्या अगदी जवळ, मान वर करून. पडद्यावर भिंत आली. शिडी आली. टपालवाला चुना लावत होता. शिडी घसरली, बादली डोक्यावर पालथी झाली, पाय हवेत गेले आणि सगळं सभागृह खदाखदा हसलं. शिंपीही हसला, मग उजेडरावांकडं बघून त्यानं तोंडावर हात ठेवला.

दिवे लागले. खिडकीताई अजून पडद्याकडंच बघत होती. माईकसमोर ती हळूच म्हणाली, "आमच्या वेळी वेगळं होतं." लोक त्यालाही हसले.

पास मास्तरांना गेला. खिडकीताईला उत्तेजनार्थ पुढच्या रविवारची दोन तिकिटं मिळाली. घरापर्यंत ती दोन पावलं पुढंच चालली. कुलूप काढताना म्हणाली, "किती?"

"काय किती?"

"किती सिनेमांच्या रचल्यात?"

"सगळ्या नाही गं."

"मग खऱ्या कोणत्या?"

उजेडराव बोटांवर मोजायला लागले. कोणत्या खऱ्या? इतकी वर्षं सांगून सांगून त्यांच्याच डोक्यात सगळी रिळं एकमेकांना चिकटली होती. कुत्रं कुठलं, घंटा कुठली, आपलं कुठलं आणि पडद्यावरचं कुठलं, त्यांना स्वतःलाच सांगता येईना. त्यांनी मान हलवली. ती आत गेली, चप्पल कागदात गुंडाळून ठेवली आणि बाहेर आली.

"आणि आपली?"

"आपली काय?"

"तुम्ही नेहमी सांगता ती. वीज गेली होती. तुम्ही टॉर्च घेऊन खाली आलात. सगळे शिट्ट्या मारत होते आणि पाचव्या रांगेत एक मुलगी एकटीच हात मांडीवर ठेवून शांत बसली होती. तेव्हाच तुम्ही ठरवलंत."

"ती खरी आहे. आईशप्पथ खरी आहे."

"माझ्या डोळ्यांवर टॉर्च होता," ती म्हणाली. "मला काही दिसलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत म्हणून ते झालं." आणि ती तांदूळ निवडायला बसली.

उजेडरावांनी त्या आठवड्यात ती गोष्ट तीन वेळा सांगितली. टॉर्चचा रंग सांगितला, पाचव्या रांगेतली तुटकी खुर्ची सांगितली. जितकं बारीक सांगावं तितकं ते जास्त रचल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी त्यांनाच शंका आली, आणि त्यांनी सांगणं सोडलं.

रविवार उजाडला. तिकिटं आरशामागं खोचलेली होती. नाही म्हणेल असं वाटलं होतं, पण ती निघाली. नव्या थिएटरच्या दारापर्यंत दोघं बरोबर गेली. तिथं ती थांबली. "तुम्ही व्हा पुढं. मी येते."

"अगं, आता सुरू होईल. दिवे मालवतील."

"व्हा पुढं."

उजेडराव आत जाऊन बसले. आणि मग त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. पहिल्या चित्रापासून सगळं डोळे फाडून पाहिलं. पाऊस. बंद दुकान. दुकानापुढं एक म्हातारी, हातात पिवळी छत्री, छत्रीच्या दोन काड्या मोडलेल्या. ती तीनदा दार वाजवते. वर एक दिवा लागतो. उजेडरावांनी काड्या मोजल्या, दार वाजवलेलं मोजलं, पोरानं पाढे घोकावेत तसं घोकून ठेवलं. यातलं काडीभरही आपलं नाही, असं त्यांना पहिल्यांदाच सांगता येणार होतं.

वीस मिनिटांनी खिडकीताई अंधारात चाचपडत आली आणि शेजारी बसली. सिनेमा संपेपर्यंत हलली नाही. पुढं एका जागी म्हातारी छत्री बघून ढसाढसा रडते. ते का, हे सुरुवात पाहिल्याशिवाय कुणालाच कळलं नसतं. उजेडरावांनी अंधारात बायकोकडं पाहिलं. आता विचारेल.

बाहेर पडल्यावर विचारेल. वाटेत विचारेल. घरी आल्यावर तिनं चहा टाकला. उजेडराव पाटावर बसून वाट बघत होते, तोंडात छत्री तयार. कप पुढं आला.

"सुरुवातीला ना," त्यांनी स्वतःच सुरू केलं, "पाऊस असतो आणि..."

"साखर पुरे आहे का बघा," खिडकीताई म्हणाली.

त्यांनी घोट घेतला. साखर पुरेशी होती.