डॉक्टरांना मोजायची पट्टी

डॉक्टर मंडळी तिला पाठीमागे 'परीक्षाबाई' म्हणत. ती मानसशास्त्रज्ञ. इस्पितळाच्या तळमजल्यावर, औषधांच्या खोक्यांशेजारच्या खोलीत ती लोकांची स्मरणशक्ती आणि लक्ष तपासायची. तिच्या डोक्यात एकच खूळ शिरलं होतं: डॉक्टरांसाठी वेगळी पट्टी हवी. जन्मभर पाठांतर केलेली ही माणसं. चारचौघांच्या पट्टीने मोजली, तर बरीच घसरण होऊनही हुशारच दिसणार. भोगायचं मात्र टेबलावरच्या पेशंटने. म्हणून रोज काम करणारे, सगळ्या वयांचे डॉक्टर तपासायचे आणि त्यांच्यात सर्वसाधारण काय, ते ठरवायचं.

पण डॉक्टर येतायत कशाला! दुसऱ्याला सुई टोचताना "काही होत नाही" म्हणणारे हे शूरवीर तिच्या दारावरून मान खाली घालून जात. जे आले त्यांच्याही एकेक तऱ्हा. हृदयाच्या डॉक्टरांनी तर चाचणी अर्ध्यावर सोडून तिचीच नाडी धरली. म्हणे, "तुम्हीच घाबरलेल्या दिसताय."

शेवटी मदतीला धावला तिचा मोठा भाऊ, नावाजलेला सर्जन. सगळ्यांआधी तो स्वतः खुर्चीत बसला आणि मग जेवणाच्या सुट्टीत एकेकाला कान धरून खाली आणू लागला. "मी बसलो ना? मग तुला काय धाड भरलीय?" बाईनेही रक्ताचं पाणी केलं. पट्टी तयार झाली.

आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. चारचौघांत दादा उत्तम होता. त्याच्याच वयाच्या डॉक्टरांत मात्र तो पार तळाला होता.

जो विचारेल त्याला निकाल सांगायचा, असं तिने सगळ्यांना कबूल केलं होतं. रविवारी चहा पिताना दादानेच विचारलं, "काय मग, पहिला आलो ना?" वहिनी हसली. बाईला वाटलं, सांगून टाकावं, लोकांच्या मानाने खूप पुढे आहेस. ते खोटंही नव्हतं. पण उद्या सकाळी दादा कुणाचं तरी पोट उघडणार होता.

"नाही रे दादा. डॉक्टरांमध्ये तू खूप मागे पडलायस. आजारच आहे असं नाही, पण नीट तपासणी होईपर्यंत ऑपरेशन करू नकोस."

दादा भडकला. "मीच गोळा करून दिलेल्या लोकांशी माझी तुलना करतेस?"

"त्यांच्याशीच करायची होती ना."

दादाने चहाचा कप खाली ठेवला. मग तो हळूच म्हणाला, "परवा मी एक चिमटा मागितला. नर्सने दुसराच दिला, आणि तोच बरोबर होता. मी वर तिलाच झापलं."

त्याने फोन उचलला आणि हाताखालच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "उद्याचं ऑपरेशन तुम्ही करा. मी बाहेर बसतो." एवढा मानी माणूस, पण शब्द अडखळला नाही. बाईला त्याचा असा अभिमान वाटला की रडूच कोसळलं.

"तुझे गुण मी पट्टीच्या हिशेबातून काढून टाकते, दादा."

"खबरदार! त्या दिवशी मी कामावरचाच डॉक्टर होतो. मला काढलंस तर तुझी पट्टी खोटी पडेल."