कणगीवरचा पंजा

काल जिंतूरजवळ एका सारवलेल्या अंगणातून शेणामातीचा ओला वास आला आणि आमच्या घरची ज्वारीची कणगी आठवली.

आई आणि दादा, म्हणजे आमचे वडील, ऊसतोडीला निघाले की मी आणि धाकटी बहीण थोरल्या काकूच्या हवाली असायचो. निघताना आई कणगीचं तोंड लिंपून ओल्या मातीवर आपला पंजा उमटवायची. माघारी कुणी उघडली तर कळावं म्हणून.

त्या वर्षी परतल्यावर तिनं आधी कणगी गाठली. ठशावर हात ठेवला. ठसा तिच्या पंजाहून मोठा होता.

"बाई, हा हात कुणाचा?"

"माझाच की," काकू म्हणाली. "तू भायेर ठेवलेली ज्वारी संक्रांतीलाच सरली. लेकरं उपाशी ठेवू का? आन् चोरायचं असतं तर सोताचा पंजा उठवला असता व्हय?"

आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "पोटभर मिळत होतं का?" मी हो म्हणालो. तरी तिची नजर काकूच्या हातांवरच होती. काकूनं नेमकी किती ज्वारी काढली, हे माझ्यासारख्या हिशेबी माणसालाही आज सांगता येत नाही.

मग आईनं धाकटीला जवळ बोलावलं. धाकटी काकूच्या पदरामागं दडली.

आता वाटतं, आईची खरी धास्ती ज्वारीची नव्हतीच. तेव्हा मात्र ती एवढंच म्हणाली, "बाई, काय शिकवलंत हिला?"