योनाचं कीर्तन

नेहेम्या झिराडकर दिवसा इस्रायलमधल्या बेर्शेब्याच्या एका फरशीच्या कारखान्यात भट्टीपाशी उभे असत आणि संध्याकाळी कुणी बोलावलं की कीर्तनाला उभे राहत. घाम दोन्हीकडे सारखाच, असं त्यांची बायको रुबीबाई म्हणायची. मुंबई सोडताना लोकांनी भांडीकुंडी आणली. या गृहस्थांनी पेटी आणि झांजा आणल्या, आणि रुबीबाईंच्या तांब्याच्या हंड्याला मात्र सामानात जागा नाही म्हणून सांगितलं. त्या हंड्याचा उद्धार घरात आठवड्यातून एकदा तरी होई.

माणूस मोठा गोड, पण थोडक्यात सांगणं त्यांच्या रक्तात नव्हतं. धर्मग्रंथातल्या योसेफाला भावांकडून खड्ड्यात ढकलायला त्यांना तासभर लागे आणि बाहेर काढायला त्याहून जास्त. म्हातारी माणसं तरी जागची हलत नसत. मराठी इतकं भरभरून ऐकायला मिळण्याची दुसरी जागा बेर्शेब्यात नव्हती.

त्रेसष्टच्या वसंतात वरच्या मजल्यावरच्या जेरुशाबाई त्यांच्याकडे आल्या. त्या इस्पितळात कपडे धुवायच्या कामाला होत्या. नवरा मुंबईतच गेलेला, आणि मुलगा योना सात वर्षांमागे इजिप्तशी झालेल्या सिनाईच्या लढाईत गेला. तो पलटणीत पावाचा ट्रक चालवायचा. वाटेत ट्रक सुरुंगावर गेला.

"लढाईत गेलेल्यांच्या सरकारी सभेला जाऊन आले, भाऊ," जेरुशाबाई म्हणाल्या. "पांढऱ्या ब्लाउजातली पोरगी कविता म्हणाली. माझ्या शोशीने मला त्या हिब्रूचा अर्थ सांगितला. चांगली होती. पण त्यातली पोरं नुसती उभी राहतात, देखणी दिसतात आन् मरतात. कोण जेवत नाय, कोण आईशी भांडत नाय."

"कविता तशीच असते, जेरुशाबाई."

"मग मला ती नको. माझा योना कसा होता, ते आपल्या भाषेत कायतरी करा. चेहरा फोटोत हाय, पण त्याचं बोलणं माझ्या कानातून जायला लागलंय. माझ्यामागे तो कुणाला ठाऊक राहणार?"

नेहेम्यांचे डोळे भरून आले. योना गेल्याच्या वर्षदिवसाला, इथला हिवाळी पाऊसकाळ तोंडावर येताना, जेरुशाबाईंच्याच घरी कीर्तन करायचं ठरलं.

मधल्या काळात एक भानगड झाली. जेरुशाबाईंची धाकटी शोशी एका रुमानियाच्या मुलाशी लग्न ठरवून बसली आणि लग्नाची नोंद करायला गेली, तेव्हा धर्मगुरूंच्या कचेरीत तिला सांगण्यात आलं की आधी आजीच्या आजीपर्यंत सगळ्या ज्यू असल्याचा पुरावा आणा. त्या वर्षांत हा प्रश्न कोकण-मुंबईकडून आलेल्या बेने इस्रायली ज्यूंच्या कितीतरी घरांत आला होता. शोशी घरी येऊन रडली आणि खाली नेहेम्या भट्टीसारखे तापले.

"आम्ही ज्यू की कोण, हे हे लोक ठरवणार?" ते रुबीबाईंवर ओरडले, जणू त्यांनीच नोंद अडवली होती. "योनाचं रक्त सांडलं तेव्हा कोणी आजी विचारली होती?"

"मला काय विचारता? जेवून घ्या."

ते जेवले, पण कीर्तनाला आता वेगळीच फोडणी बसली. जमातीतल्या पुढाऱ्यांनीही पाठ थोपटली. योना म्हणजे आपला जिवंत पुरावा, असं ते म्हणाले. जिवंत, हा शब्द कुणाच्या कानाला खटकला नाही, नेहेम्यांच्यासुद्धा.

वर्षदिवशी संध्याकाळची प्रार्थना झाली. जेरुशाबाईंच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जेरुशाबाई पहिल्या रांगेत, हातात रुमाल घेऊन, तोंड उघडं ठेवून बसल्या होत्या, आणि शेजारी शोशी. नेहेम्यांनी पगडी सारखी केली, झांजा वाजवल्या आणि आवाज लावला:

"दाविदासम रणी उभा तो, रक्ताने दिधली साक्ष!"

लोक डोलले. मग योनाने तलवार घेतली, मग शत्रूचे थवे पळाले, मग त्याने मरता मरता न्यायासनाला सवाल टाकला. माना हलत होत्या, मुठी आवळत होत्या. नेहेम्यांच्या कीर्तनाला इतका रंग मुंबईतही कधी चढला नव्हता. त्या रंगात त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, तर जेरुशाबाईंची जागा रिकामी.

कीर्तनकार उभा राहिला की आरतीपर्यंत जागा सोडत नाही. घराला आग लागली तरी आधी आरती, असं नेहेम्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं. नेहेम्यांनी ओळ अर्ध्यावर सोडली, झांजा पेटीवाल्याच्या मांडीवर ठेवल्या आणि ते लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत स्वयंपाकघरात गेले.

जेरुशाबाई मालिद्याच्या, म्हणजे प्रसादाच्या गोड पोह्यांसाठी नारळ खवत होत्या. नारळ केव्हाच खवून झाला होता, त्या करवंटी खरवडत होत्या.

"चुकलं का माझं?"

"चांगलं म्हणालात, भाऊ. शोशीसाठी जीव तुटतो तुमचा, मला कळतं." त्यांनी वर पाहिलं नाही. "पण तो दुसराच कुणीतरी हाय. तुम्ही माझ्या पोराला साक्षीला उभा केला. मी तो घरी यायची वाट बघत होते."

नेहेम्या मटकन स्टुलावर बसले. शरमेने त्यांचे कान तापले.

"मग सांगा," ते म्हणाले. "सकाळपासून सांगा. उठायचा कसा?"

"उठतोय कुठला?" जेरुशाबाईंच्या तोंडून पटकन निघून गेलं. मग त्या सांगत सुटल्या, आणि बाहेर पन्नास माणसं कुजबुजत थांबली.

नेहेम्या परत आले तेव्हा पगडी हातात होती. साकी, दिंडी ही कीर्तनातली वृत्तं त्यांनी बाजूला ठेवली आणि जात्यावर बायका म्हणतात त्या साध्या ओवीच्या चालीवर सुरुवात केली:

"ऊठ ऊठ माझ्या योना, उन्ह आलं उंबऱ्यात,
पाच मिन्टं, आई, म्हणे, तोंड घाली चादरीत."

कुणीतरी हसलं. पुढाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पाव घेई, निघे योना, गाणं गाई बेसुरात,
शिपायांना भूक लागे, वाट बघती वाळूत."

"नाखोन," शोशी म्हणाली, खरंय, अगदी बेसूर, आणि हसता हसता तिने तोंड ओढणीत लपवलं. आता सगळी खोली हसत होती आणि डोळे पुसत होती. तलवार कुणाला आठवली नाही. नेहेम्यांनी ट्रक सुरुंगापर्यंत नेलाच नाही. तो वाळूत पाव घेऊन चालत राहिला आणि तिथेच ओवी संपली. आयुष्यात पहिल्यांदा ते थोडक्यात थांबले.

जेरुशाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हाताला खोबरं लागलेलं होतं आणि गालांवरून पाणी वाहत होतं. सात वर्षांत चारचौघांत त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, परत घ्या," त्या म्हणाल्या. "मी उठवते आन् तो उठत नाय, तिथून."

नेहेम्यांनी झांजा उचलल्या, पण पहिली ओळ त्यांच्या आधी जेरुशाबाईंनीच म्हटली.