बोडीमायचा पहिला शिंगाडा

"पयले खाय, मंग बोल."

समोर कोणीही येवो, बाईचा उजवा हात आधी ओटीत जायचा. तिथून उकडलेला शिंगाडा निघायचा आणि समोरच्याच्या तळहातावर टेकायचा. माणूस भांडायला आलेला असो, पत्ता विचारायला आलेला असो, नाहीतर ग्रामपंचायतीचा शिपाई असो, कोणाची सुटका नव्हती. शिंगाडा सोलायला वेळ लागतो, आणि सोलता सोलता माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. हे काय खूळ आहे म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "उपाशी मानूस लवकर भांडते गा."

आमच्या फाट्याचं नाव सांगत नाही. मूल गावाच्या बाजूने कधी गोंडपिपरीकडे गेला असाल, तर तिथे चहा प्यायला उतरला असालच. चार रस्ते एकत्र येतात, टपऱ्या आहेत, आणि एका कोपऱ्यात माझं पंक्चरचं दुकान. दुकानासमोर बोडी होती. आमच्याकडे धानाच्या शेताजवळच्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. जंगलातून एक नाला यायचा, बोडीत शिरायचा, दुसऱ्या बाजूने निघून रस्त्याखालच्या दगडी मोरीतून खाली धानाच्या बांध्यांकडे जायचा. माझ्या टबातलं पाणीही त्याच बोडीचं. ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचे, तर पाणी लागतंच.

बाई मासे धरणाऱ्या ढिवर समाजाची. नवरा असताना दोघं मिळून बोडीत शिंगाडा लावायची, तो गेल्यावर ती एकटी लावू लागली. वेल पाण्यावर पसरले की ती ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा भरून तिच्यावर बसायची आणि हातांनी पाणी मारत बोडीभर फिरायची. एक एक वेल उलटा करायचा, खालचा शिंगाडा तोडायचा, कंबरेच्या ओटीत टाकायचा. बोटं कायम काळी. ती ट्यूब माझ्याच दुकानातली. शिंगाड्याला काटे असतात हे तुम्हाला माहीत आहेच. त्यामुळे दसऱ्यापासून अगहनपर्यंत, म्हणजे मार्गशीर्षापर्यंत, ती ट्यूब आठवड्याला माझ्याकडे यायची. ठिगळांवर ठिगळं. मी वैतागून म्हणायचो, "बाई, ही ट्यूब राहिली कुठी आता, नुसती ठिगळंच राहिली." ती शांतपणे शिंगाडा पुढे करायची.

त्या वर्षांत रमजान हिवाळ्यात यायचा, म्हणजे शिंगाड्याच्या ऐन दिवसांत. माझा रोजा असायचा आणि बाई नेमकी भरदुपारी हात पुढे करायची. मी मान हलवली की जीभ चावायची. "विसरलीच मी. बांधून ठेव, सांजच्यानं खाय." संध्याकाळी खजुराच्या शेजारी तो शिंगाडा असायचा. आमची बेगम म्हणायची, तुमचा रोजा अर्धा त्या बाईच्या नावावर आहे.

बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जांभळाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड होता. बोडीमाय. तिच्याकडे बाईच्या घरच्यांशिवाय कोणी फिरकत नसे. हंगामाचा पहिला शिंगाडा तिला, मग माणसांना, एवढीच काय ती पूजा.

मग चौक मोठा करायचं निघालं. खरं सांगतो, चौकाला ते लागतच होतं. धानाचे ट्रक वळणावर दिसायचे नाहीत. शाळेचे एक मास्तर माझ्या दुकानासमोर ट्रकखाली गेले, मीच त्यांच्यावर चादर घातली होती. तेव्हा रस्ता रुंद झाला पाहिजे असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. फक्त चुन्याची पांढरी रेघ आखत आखत माणसं पाळीवर चढली आणि पलीकडे पाण्यात उतरली, तेव्हा मी हातातलं पंक्चर टाकून उठलो. चौकाचा एक अख्खा कोपरा बोडीत जात होता.

इंजिनिअर तरुण होता, स्वभावाने चांगला. बाईने आधी त्याला खाऊ घातलं. त्याने सोलून खाल्लं, आणि मग जे होतं ते सांगितलं. नाल्याचं पाणी अडवायचं नाही, माती पाण्यात जाऊ द्यायची नाही, असं कामाच्या अटींत लिहिलेलं होतं. नाल्यासाठी पाइप टाकणार होते. "अन् बोडी?" बाईने विचारलं. तो हातातली सालं गोळा करत राहिला. तिने आणखी एक शिंगाडा दिला, तोही त्याने खाल्ला.

पण अट त्याने पाळली हो. वाळूने भरलेल्या गोण्या पाळीला ओळीने लावून घेतल्या, खोदलेली माती पाण्यात येऊ नये म्हणून. बाईला त्या गोण्यांचं केवढं अप्रूप. त्यांच्यावर बसून शिंगाडे निवडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की सरकारनं बोडीले कुंपण घातलं. मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची.

रेघ काही पुसली जाईना. तेव्हा बाईच्या डोक्यात आलं, की एका रांडमुंड बाईच्या शिंगाड्यासाठी रस्ता थांबणार नाही, पण देवासाठी थांबेल. ती घरोघर फिरली. बोडीमायला हात लावला तर गावाचं वाईट होईल, असं सांगत सुटली. मी तिला चिडवलं, "बाई, तुमची माय दगडातली का पाण्यातली?"

"पाण्यातली," ती म्हणाली. "दगड तं खूण हाय, मायचं घर कोनतं ते समजाले. पन लोकायले पाणी दिसत नाई, दगड दिसते."

आणि लोकांना दिसला की! ज्यांनी जन्मात पाळीवर पाय ठेवला नव्हता, ते नारळ घेऊन आले. शेंदराचे थर चढले. झेंडा लागला, लाउडस्पीकर लागला. मंडळ स्थापन झालं. मी आपला टबात हात घालून गप्प बसलो. देवाच्या भानगडीत माझ्यासारख्याने बोलू नये, एवढी अक्कल फाट्यावर बसून येतेच. पण बाई खूश होती. पहिल्यांदाच अख्खं गाव तिच्या बाजूने उभं होतं.

चौकातच बैठक भरली. ठेकेदार आला, हात जोडून बसला. देवाला धक्का लागता कामा नये, मंडळ म्हणालं. ठेकेदार म्हणाला, धक्का कसला, मी मंदिर बांधून देतो. नव्या चौकात, टाइल्स लावून, वर घंटा, भोवती लोखंडी कठडा. टाळ्या झाल्या, जयजयकार झाला. माझ्या दुकानातूनही सगळं ऐकू येत होतं. इंजिनिअर मान खाली घालून बसला होता.

बाई उभी राहिली. "अन् पाणी?"

लोक तोवर चहाकडे वळले होते. मंडळातला एकजण थांबला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "बाई, तुमचाच देव तं वाचवला आम्ही."

तिनेच देव पुढे केला होता. मला सगळ्यांचा राग आला. पण काढू कोणावर? ठेकेदार नम्र होता, मंडळ भाविक होतं, इंजिनिअर सज्जन होता आणि चौक गरजेचा होता. वाईट माणूस एकही सापडेना. तसा एखादा असता तर बरं झालं असतं, निदान भांडलो असतो.

शिंगाडा निघेपर्यंत थांबा, एवढं बाईने मागितलं. इंजिनिअरने वर जाऊन शब्द टाकला आणि काही दिवस मिळवून दिले. ते लगेच संपले. एका सकाळी दुकान उघडतो तर एका काठाने मुरमाचे डंपर रिकामे होत होते आणि दुसऱ्या काठाला बाई ट्यूबवर बसून शिंगाडे तोडत होती. पिकलेले, कोवळे, जे हाताला लागेल ते. मुरूम पडला की लाट यायची, ट्यूब हलायची, बाई वेल धरून तोल सावरायची आणि पुन्हा तोडायला लागायची. गोण्या केव्हाच मुरमाखाली गेल्या होत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते, रागाने नाही, बाईला लागू नये म्हणून. फाट्यावरचे सगळे आम्ही आपापल्या दुकानांच्या दारात उभे होतो. माझ्या हातात टायर काढायची पट्टी होती, ती मी दुपारपर्यंत तशीच धरून होतो असं बेगम सांगते.

बोडीमायला बँड लावून नव्या मंदिरात नेलं. बाईचा मान मोठा. तिला साडी नेसवली, नारळ दिला, सगळ्यांत पुढे चालवलं. तिने ओटीतले शिंगाडे मायपुढे ठेवले. पुजाऱ्याने ते बाजूला सारले, कारण पेढ्यांचं ताट ठेवायला जागा नव्हती.

चौक छान झाला. आता तिथे कोणी मरत नाही, हेही सांगितलं पाहिजे. नाल्याला पाइप मिळाला. भादव्यात तो तुंबतो आणि पाणी चौकात येऊन बोडीमायच्या कठड्याला लागतं, मग माझ्या दारात येतं. इतर दिवसांत मी नळाचं पाणी टबात भरतो.

पुढच्या नवरात्रात बाई दुकानात आली. ट्यूब घडी करून काखेत धरली होती. ती तिने टबाशेजारी ठेवली आणि सांगितलं, की लेकीकडे चालली गोंडपिपरीले, आता हिच्यात हवा भरू नोको. मी ट्यूब उचलून खिळ्याला टांगली. अजून तिथेच आहे. गिऱ्हाइकं विचारतात, मी देत नाही.

बाई जायला वळली. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. काय ते नक्की ठाऊक नव्हतं, पण इतकी वर्षं समोरासमोर काढल्यावर माणसाला असंच जाऊ देऊ नये.

"बाई, एक बोलायचं होतं."

सवयीने तिचा हात ओटीत गेला. आत थोडा चाचपडला आणि थांबला. मग तिने तो तसाच रिकामा बाहेर काढला, माझ्यासमोर धरलेला क्षणभर बघितला आणि पदराला पुसला.

"बोल," ती म्हणाली.