रविवारचा डायोड

शनिवारी मासेमारीला गेलेली लुपेच्या भावाची बोट रविवार उजाडला तरी परतली नव्हती, आणि टोंगातल्या त्या छोट्या बेटावरचा एकुलता एक वायरलेस बंद पडला होता. लुपेने तो उघडला. आतला डायोड जळाला होता. तिच्या डब्यातले डायोड बारीक होते. ऐकण्यापुरते चालले असते, पण बोलायचं बटण दाबताच जळाले असते. तेवढा प्रवाह सोसणारा जाड डायोड चर्चच्या कर्ण्याच्या यंत्रात होता.

चर्चचे कारभारी तेविताकाका दारात आडवे आले. "लुपे, रविवारी कामाला हात लावायचा नाही!"

"मग आजच्या जेवणासाठी खड्ड्यात भाजायला तुमचं डुक्कर आपोआप गेलं का, काका?"

"अगं, प्रवचन कसं ऐकू जाणार?"

"देवाला कर्ण्याशिवाय ऐकू येतं. माझ्या भावाला येत नाही. सरका!"

तिने डायोड काढून आणला, त्यावरची दिशा दाखवणारी पट्टी नीट बघून तो वायरलेसमध्ये कथलाने डाखला आणि बटण दाबून हाक मारली.

खरखरीतून भाऊ खेकसला, "इंजिन बंद पडलंय! केव्हाचा ओरडतोय, झोपलात काय सगळे?"

मागून काका हळूच म्हणाले, "कुठे आहे विचार. मी बोट काढतो."

"विचारते. पण डायोड आता इथेच राहणार."

काका बोटीचा दोर आणायला निघाले.