खालची मशिनं थांबली तेव्हा
नव्या जीन्सचा आणि मशिनच्या तेलाचा वास आला की मला कॅम्प म्हणतात त्या आमच्या वस्तीतली मुलांची हृदयतपासणी आठवते. आयोजकांनी जागा कुठली शोधावी, तर जीन्सच्या कारखान्याच्या बरोबर डोक्यावरचा हॉल! खाली शिलाई मशिनं धडधडत होती आणि वर आमची सहा वर्षांची लेक टेबलावर आडवी पडली होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीवर लॅपटॉपला जोडलेला स्टेथोस्कोप टेकवला. हृदयात ठोक्यांशिवाय जास्तीचा आवाज आहे का, ते कॉम्प्युटर सांगणार होता. पडद्यावर लाल पट्टी आली. पुन्हा लावला, पुन्हा लाल. बायकोने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची बांगडी मला रुतली. एरवी अख्ख्या गल्लीला हसवणारा मी, नुसता त्या लाल पट्टीकडे बघत राहिलो. तेवढ्यात बाई टेबलावर तळहात ठेवून म्हणाल्या, "हे टेबल मशिनांनी हलतंय का हो?" मी जिन्याकडे धावलो आणि खाली कारखान्याच्या सिंधी मालकाला ओरडून सांगितलं, "शेठ, दो मिनट मशीन बंद करो!" "अरे साईं, माल आज देना है!" "मेरी बच्ची का दिल सुनना है!" मशिनं थांबली. सगळी इमारत गप्प झाली आणि त्या शांततेत लेक कुजबुजली, "बाबा, माझं बंद पडलं?" टेबलातली ती धडधड पोरीला आपलीच वाटली होती. बाईंनी लगेच पुन्हा स्टेथोस्कोप टेकवला. लॅपटॉपवर पट्टी हिरवी होईपर्यंत मी श्वास घेतल्याचं आठवत नाही. आता ती नववीत आहे. अजूनही वीज गेली आणि गल्लीतली मशिनं एकदम थांबली, की मी घाबरून तिला हाक मारतो. ती आतून ओरडते, "चालू आहे, बाबा!"