डुकरवाले बन्सी भाऊजी

बन्सी भाऊजी दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायचे नाहीत, पण डुकरांच्या सांडपाण्याला रोज गूळ पाजायचे. वडवणीजवळ आमच्या शेताला लागूनच त्यांचा डुकरांचा फार्म, आणि उतार नेमका आमच्या विहिरीकडे. मी तेव्हा पन्नाशीची तरणीताठी, अक्कल अजून यायची होती. नाकाला पदर लावून बांधावरून ओरडायचे, "ओ भाऊजी, आज काय घाणीचं डोहाळजेवण?"

"जंतूंचं जेवण हाय, वैनी. तुमाला आवतन न्हाई."

सुनेला दिवस गेले तशी मी भांडायला थेट त्यांच्या सांडपाण्याच्या टाकीपाशीच गेले. त्यांनी तुसडेपणानंच सांगितलं : पहिल्या टाकीत पंपानं हवा सोडायची, तिथले जंतू मुतातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात. दुसऱ्या टाकीत हवा नाही. तिथले जंतू गूळ खातात आणि त्या नायट्रेटमधला नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात.

"न्हाईतर ते तुमच्या विहिरीत उतरंल. तान्ह्या लेकराला लई वाईट. कळलं का? न्हाई कळलं, तोंडावर दिसतंय."

खरंच नव्हतं कळलं. मी त्यांच्या शेवटच्या टाकीतलं पाणी चोरून तांब्यात भरलं आणि ग्रामसभेत पुढं धरलं. "प्या!"

"हे उसाला सोडायचं पाणी हाय. पितो म्हणणारा लबाड. तुमच्या विहिरीचं आणा, ते पितो."

आणलं. सगळ्यांसमोर गटागटा प्यायले, आणि वर म्हणतात, "तांब्या घासत जा, वैनी." गाव हसलं. मी महिनाभर तांबे घासत होते, रागानं!

नातू झाला. सुनेला दूध कमी, म्हणून वरचं दूध; त्यात पाणी विहिरीचंच. तेवढ्यात भाऊजी बीडच्या दवाखान्यात पडले आणि त्यांच्या पोरानं वीजबिलाला घाबरून हवेचा पंप बंद केला. दुसऱ्याच दिवशी वासानं डोळे झोंबायला लागले. मी एसटी धरली आणि त्यांच्या खाटेपाशी जाऊन सांगितलं.

त्यांनी सलाईनच्या हातानंच पोराला फोन लावला. "पंप चालू कर बे! न्हाईतर मला खांदा द्यायला येऊ नको!" मग माझ्याकडे वळले. "झालं ना? निघा. तुमचं तोंड बघून मला बरं वाटायचं न्हाई."

"मी कुठं तुमाला बरं वाटावं म्हणून आलते!"

त्याच आठवड्यात ते गेले. तिरडीला पुढून पोराचाच खांदा होता. मी रडलेबिडले नाही. घरी आले, विहिरीचं पाणी शेंदलं आणि नातवाचं दूध कालवलं.